शिकून आलेला कुत्रा घरी येऊन का बिचकतो? सर्व्हिस डॉगचे पहिले काही महिने

सर्व्हिस डॉग घरी आला की पंधरा दिवसांच्या आत बहुतेक घरांत एक वाक्य ऐकू येतं: "तिकडे तर सगळं करून दाखवत होता, इथे काही ऐकतच नाही." बोलणाऱ्याच्या आवाजात धास्ती असते. कित्येक महिने वाट पाहिलेली असते, पैसा गेलेला असतो आणि ज्याच्यासाठी कुत्रा आणला त्याने मनाशी बरंच काही ठरवून ठेवलेलं असतं. मग शंका यायला लागतात. आपण फसलो का? कुत्र्याला नीट शिकवलेलंच नाही का? की आपल्यालाच जमत नाहीये?

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. कुत्रा शिकतो कसा आणि घर बदललं की त्याचं काय होतं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असेल तर हे दिवस बरेच सुसह्य होतात. माझा धाकटा भाऊ अपघातानंतर व्हीलचेअर वापरतो आणि त्याच्या मदतीला जुई नावाची लॅब्रेडॉर आमच्या घरी असते. त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. पण हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी असा कुत्रा येणार आहे, त्या घरातल्या बाकीच्या माणसांसाठी. कारण घडी बसते ती त्यांच्या वागण्यावर, आणि बिघडते तीही त्यांच्याच मायेने.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सर्व्हिस डॉग म्हणजे एकाच व्यक्तीच्या अपंगत्वाशी थेट जोडलेली ठरावीक कामं शिकवलेला कुत्रा. अंध माणसाला तो अडथळे टाळून नेतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला दाराची बेल किंवा कुकरची शिट्टी झाली हे जाऊन सांगतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देतो, दार ओढतो, दिव्याचं बटण दाबतो. अपस्माराचा झटका आलेल्या माणसापाशी थांबतो, भुंकून कोणाला तरी बोलावतो. दवाखान्यात किंवा शाळेत नेऊन अनेकांना धीर देणारा थेरपी डॉग वेगळा. नुसत्या सोबतीने बरं वाटावं म्हणून पाळलेला कुत्राही वेगळा. त्यांचं मोल कमी नाही, पण काम निराळं आहे. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पहिली पद्धतशीर शाळा १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गला निघाली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेत 'द सीइंग आय' ही तशीच संस्था १९२९ मध्ये सुरू झाली. म्हणजे या क्षेत्रात शंभर वर्षांहून जास्त अनुभव साठलेला आहे, आणि खाली जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्याच अनुभवातून आलेलं आहे.

एक इशाराही इथेच देते. "झटका येण्याआधी हा कुत्रा शंभर टक्के सांगेल" अशी हमी कोणी देत असेल तर सावध व्हा. काही कुत्र्यांना आधी चाहूल लागते, पण ते खात्रीने शिकवता येत नाही. रक्तातली साखर उतरल्याचं ओळखणाऱ्या कुत्र्याचंही तसंच. त्याने खूण केली तरी ग्लुकोमीटर लावायचाच, आणि नाही केली तरी ठरल्या वेळी लावायचाच.

विसरला नाही, ओळखलं नाही

माणूस एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे सहज वापरतो. कुत्र्याला ते जड जातं. "सिट" हा शब्द तो नुसता शब्द म्हणून शिकत नाही. समोर कोण उभं होतं, पायाखाली काय होतं, वास कसला होता, हात कुठे होता, हे सगळं त्या शब्दाला चिकटलेलं असतं. यातल्या चार गोष्टी एकदम बदलल्या की त्याला समोरची गोष्ट तीच आहे हे कळत नाही. आमच्या नागपुरात हिंगण्याच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी इतवारीच्या गजबजलेल्या गल्लीत घातलं तर तो गाडी विसरलेला नसतो, तरी दर दहा पावलांवर ती बंद पाडतो. तसंच आहे हे.

जुईचं पाहा. पडलेल्या चाव्या उचलून भावाच्या मांडीवर ठेवणं हे तिचं पक्कं काम. ट्रेनिंग सेंटरमध्ये ती ते डोळे मिटून करायची. आमच्या हॉलमध्ये चाव्या पडल्या की ती दोन पावलं पुढे यायची, वास घ्यायची आणि मागे सरकून भावाकडे बघत राहायची. आम्हाला वाटलं, कंटाळा करते. ट्रेनरने फोनवर तीनच प्रश्न विचारले. फरशी कसली आहे? चाव्यांना काय लावलंय? पडताना आवाज कसा होतो? तिकडे खरखरीत सिमेंट होतं, चाव्या कातडी पाकिटात होत्या. आमच्याकडे गुळगुळीत टाइल्स, त्यावर तिचे पाय घसरायचे. चाव्या उघड्या लोखंडी कडीत, आणि बहुतेक कुत्र्यांना दातांवर धातू नको वाटतो. वर टाइलवर खणकन आवाज. आईने जुन्या साडीची वीतभर पट्टी कडीला बांधली, जिथे भाऊ जास्त बसतो तिथे सतरंजी अंथरली. मग चाव्या आधी जमिनीवर नुसत्या ठेवायच्या, उचलल्या की शाबासकी आणि खाऊ. ते जमलं की वीतभर उंचीवरून टाकायच्या, मग मांडीच्या उंचीवरून. काम तेच होतं, आमच्या घरात ते पुन्हा ओळखून घ्यायचं होतं. फ्रिजच्या दाराला बांधलेली कापडी पट्टी, बाथरूमचा दिवा, लिफ्टचं बटण, प्रत्येक गोष्टीची अशीच नव्याने ओळख करून द्यावी लागली.

म्हणून शिकवलेल्या कामांची यादी पहिल्या दिवसापासून वाचायला घेऊ नका. आधी सर्वांत सोपं एक काम घ्या, तेही सर्वांत शांत खोलीत. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं पुरतात. ते पक्कं झालं की तेच काम दुसऱ्या खोलीत, मग गॅलरीत, मग जिन्यात, मग गेटपाशी. बर्डीच्या बाजारात न्यायची घाई तर अजिबात नको.

आणि शब्द बदलू नका. ट्रेनरने "कम" शिकवलं असेल तर घरात आई "ये गं", बाबा "इकडे" आणि मुलं "चल चल" म्हणत असतील तर कुत्र्यासाठी ते चार वेगळे आवाज आहेत. ट्रेनरकडून शब्दांची आणि हातांच्या खुणांची यादी लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. एकदाच म्हणायचं आणि थांबायचं. "सिट, सिट, अगं सिट ना" असं म्हणत राहिलं तर कुत्रा तिसऱ्यांदा म्हटल्यावर बसायचं असतं हे शिकतो.

ताण साचत जातो

नवं घर, नवे वास, नवं पाणी, रात्रीचे नवे आवाज. यातली एकेक गोष्ट कुत्रा पचवतो. पण ताणाची संप्रेरकं शरीरातून लगेच उतरत नाहीत, त्यामुळे एकापाठोपाठ आलेले छोटे धक्के एकमेकांवर चढत जातात. सकाळी शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं, दुपारी कुकर, संध्याकाळी भेटायला आलेले आठ पाहुणे. आणि रात्री साधा स्टीलचा पेला पडला तरी तो दचकून पलंगाखाली जातो. पेल्याला दोष देऊन उपयोग नाही, दिवसभरातले सगळे धक्के मोजावे लागतात.

खाणं कमी होणं, पातळ शी होणं, घरात एखाद्या वेळी शू होणं, आपल्या मालकापाशी न बसता दाराकडे तोंड करून पडून राहणं, हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुष्कळ कुत्र्यांचं होतं. दोन वेळचं जेवण पूर्ण सोडलं, उलट्या झाल्या किंवा शीतून रक्त दिसलं तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठा. अन्न पहिले काही आठवडे तेच ठेवा जे सेंटरमध्ये होतं. बदलायचंच असेल तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

त्याची एक जागा ठरवा. हॉलचा कोपरा, जिथून त्याला आपला माणूस दिसेल पण येणारे-जाणारे त्याला ओलांडणार नाहीत. तिथे गादी. त्या गादीवर असताना त्याला कोणीही हाक मारायची नाही, लहान मुलांनी तर जायचंच नाही. वेळा ठरवा: उठणं, शी-शू, जेवण, काम, झोप. मोठा कुत्राही दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ झोपतो, आणि या दिवसांत त्याला त्याहून जास्त लागते. ठरावीक वेळापत्रकामुळे पुढे काय होणार हे त्याला कळतं, आणि ते कळलं की ताण उतरायला लागतो.

माया करायची कोणी?

आता सगळ्यांत अवघड भाग. घरात इतका गुणी कुत्रा आला की सगळ्यांचे हात त्याच्याकडे जातात. आणि नेमकं तेच पहिले दोन-तीन महिने थांबवावं लागतं.

कारण सरळ आहे. कुत्रा ज्याच्याकडून जेवण, फिरणं, खेळ आणि शाबासकी मिळते त्याच्याकडे लक्ष ठेवायला शिकतो. सर्व्हिस डॉगचं अर्धं काम म्हणजे हेच लक्ष. माणूस घसरला, हातातून काठी पडली, चेहरा बदलला, हे त्याच्या ध्यानात यायला हवं. व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली वाकता येत नाही, पळता येत नाही, चेंडू फेकणंही कधीकधी जड जातं. बाकीचे पळू शकतात, गोधडीवर लोळू शकतात, हळूच पोळीचा तुकडा देऊ शकतात. मोकळी स्पर्धा ठेवली तर हरणार कोण ते उघड आहे. आणि ज्याच्यासाठी कुत्रा आला तोच त्याच्या दृष्टीने घरातला सर्वांत कंटाळवाणा माणूस होतो.

म्हणून जेवण त्याच्याच हातून. वाढायला मदत लागत असेल तर दुसऱ्याने भांडं भरावं, पण ते पुढे करावं आपल्या माणसानेच. ब्रश त्यानेच फिरवायचा. घरातही काही दिवस कुत्रा त्याच्या खुर्चीला किंवा कमरेला लांब पट्ट्याने बांधलेला ठेवतात, म्हणजे तो जाईल तिथे कुत्रा जातो. ज्याची कामं आहेत त्याच्याच आवाजात हुकूम. बाहेर नेणं शक्य नसेल तर दुसऱ्या कोणी न्यावं, पण न बोलता, खेळ न करता. शी-शू झाली की परत आणून पट्टा आपल्या माणसाच्या हातात द्यावा.

आमच्या आजीला हे फार लागलं. "मुक्या जिवाला एक घास द्यायचा नाही, हे कसलं घर?" तिचं चुकत नव्हतं, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारी पिढी आहे ती. आम्ही तिला नाही म्हटलं नाही, काम दिलं. रोज सकाळी जुईचा खाऊ ती मोजून डबीत भरते आणि भावाच्या खुर्चीला अडकवते. दिवसभर भावाच्या हातून जुईच्या तोंडात जातो तो आजीने भरलेलाच खाऊ. घराघरातल्या आज्यांना असंच काहीतरी काम द्यावं, नुसते नियम सांगू नयेत.

यात कुत्र्याला प्रेमापासून तोडणं नाही. हार्नेस, म्हणजे कामाच्या वेळी अंगावर चढवायचा पट्टा, उतरला की त्याची सुट्टी. तेव्हा लोळणं, चावायचं खेळणं, नुसतं पडून राहणं, सगळं चालतं. हार्नेस घालणं आणि काढणं रोज एकाच पद्धतीने केलं की कामाची वेळ आणि सुट्टीची वेळ तो स्वच्छ ओळखतो. नातं घट्ट झाल्यावर बाकीचेही हळूहळू लाड करू शकतात. पूर्ण जोडी जमायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि मधे एखादा काळ असा येतो की कुत्रा मुद्दाम ऐकेनासा होतो. नवा माणूस किती पक्का आहे ते तो तपासतो. तेव्हा रागावून काही मिळत नाही, सोप्या कामावर परत यायचं.

शेजाऱ्यांची गोष्टही यातच येते. लिफ्टमध्ये कोणी विचारतं, "चावत नाही ना जी?" आणि उत्तर मिळायच्या आत हात डोक्यावर. हसून, पण थांबवून सांगायला शिका: "काका, तो आत्ता ड्यूटीवर आहे. हात लावला की त्याचं लक्ष जातं आणि हा पडू शकतो." कारण सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. सोसायटीच्या मुलांना एकदा बोलावून काम दाखवा. नंतर तीच मुलं दुसऱ्यांना आवरतात.

स्वयंपाकघराबद्दल एकच पण कळकळीने सांगते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, आणि आपल्याकडे बेदाणा प्रसादाच्या शिऱ्यात असतो, दिवाळीच्या चिवड्यातही असतो. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, म्हणजे सावजी रस्सा पोळीला लावून देणं नाहीच. शिजवलेली हाडं आतड्यात टोचतात. चॉकलेट नाही. माणसांची दुखण्याची गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही नाही. पाहुण्यांना हे दारातच सांगा.

नागपूरचा उन्हाळा

इतर शहरांतल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं, आणि ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. काम करणारा कुत्रा मालकासाठी थांबत नाही, सावलीकडे ओढत नाही, त्यामुळे त्याला जास्त धोका असतो. त्याच्या वतीने आपणच थांबायचं.

सकाळी उजाडायच्या सुमारास आणि रात्री रस्ता निवल्यावर, इतकंच बाहेर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. टेकवता येत नसेल तर त्याचे पंजे भाजणार. दुपारी दवाखाना किंवा ऑफिस टळत नसेल तर गेटपासून गाडीपर्यंत बूट घाला. त्या बुटांची सवय फेब्रुवारीत लावा, मेमध्ये नव्हे.

कूलरचं एक ध्यानात घ्या. त्याचा घरघराट कुत्र्याला भिववतो, म्हणून मार्चमध्ये आधी नुसता पंखा हळू लावून, लांब बसवून, खाऊ देत सवय करा. आणि खोली पूर्ण बंद करून कूलर लावला की हवेत ओल भरते. ओल्या हवेत जिभेवरचं पाणी उडत नाही, मग धापा टाकूनही अंग निवत नाही. समोरची खिडकी उघडी हवीच. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर जी उकाड्याची घुसमट होते, तेव्हाही हाच धोका असतो, जरी पारा उतरलेला दिसला तरी.

जोराची धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल लडखडते, अशी लक्षणं दिसली तर आधी थंड करा, मग गाडी काढा. नळाचं साधं पाणी अंगावर सतत ओता, पंख्याचा झोत द्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत अडते. मग डॉक्टर. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून शहरात आहे. ते असो की जवळचा खासगी डॉक्टर, कुत्रा निरोगी असतानाच एकदा दाखवून आणा. लसी, गोचिडांचं औषध आणि पावसाळ्यातल्या लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस याचं वेळापत्रक तेव्हाच घ्या. गोचीडतापाने धडधाकट कुत्रा आठवड्यात आडवा होतो.

गल्लीतले कुत्रे, ढोल आणि दारावरचे प्रश्न

मोकाट कुत्र्यांची भीती सगळ्यांनाच असते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी केलेले कुत्रे मूळच्याच जागी सोडायची तरतूद आहे. त्यामुळे आपल्या गल्लीतले कुत्रे सहसा तेच ते असतात, आणि त्यांची ओळख होऊ शकते. त्यांना कोण खाऊ घालतं ते शोधा, त्या माणसाशी बोला, खाऊ घालायची वेळ आणि जागा आपल्या फाटकापासून दूर सरकवता येते का पाहा. सुरुवातीच्या फेऱ्यांना एक धडधाकट माणूस सोबत हवा, त्याने येणारा कुत्रा आणि जोडी यांच्यामध्ये उभं राहायचं. चावा किंवा हल्ला झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, आणि माणूस असो की कुत्रा, त्याच दिवशी डॉक्टर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, पुढे गणपतीचे ढोल-ताशे, मग दिवाळी. पहिल्या वर्षी नव्या कुत्र्याला यातल्या कशातही नेऊ नका. आवाजांची रेकॉर्डिंग अगदी हळू लावून, जेवतानाच ऐकवून, काही आठवडे आधीपासून सवय लावता येते. तरीही थरथरत असेल तर डॉक्टर भीतीवरचं औषध देतात, ते घेण्यात कमीपणा नाही.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९९० च्या कायद्यामुळे सर्व्हिस डॉगला सार्वजनिक जागी प्रवेश आहे आणि काम उघड दिसत नसेल तर दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावाला मनाई आणि वाजवी सोय करून देण्याचं तत्त्व आहे, त्याचा आधार घेऊन बोलावं लागतं. सोसायटीला मात्र, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. मॉल, बँक, मेट्रो स्टेशन अशा ठिकाणी आधी एकदा कुत्र्याशिवाय जाऊन व्यवस्थापकाशी बोला आणि वरच्या दोन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर छापून जवळ ठेवा. ऑनलाइन मिळणाऱ्या "सर्व्हिस डॉग" लिहिलेल्या जॅकेटने कुत्रा शिकलेला ठरत नाही, पण शिकलेल्या कुत्र्याच्या अंगावर ते असलं की लोक हात आवरतात.

आणि सगळं करूनही काही जोड्या जमत नाहीत. कुत्र्याची चाल माणसाच्या मानाने फार जलद असते, किंवा घरातली वर्दळ त्याला सोसत नाही. सहा महिन्यांनंतरही तो कामाला घाबरत असेल, खाणं सुधारत नसेल, किंवा माणसालाच त्याचं ओझं होत असेल तर ट्रेनरला घरी बोलावून दोन दिवस पाहू द्या. तरीही जमलं नाही तर कुत्रा परत घेऊन दुसऱ्या योग्य माणसाला किंवा चांगल्या घरी देणं ही संस्थेची जबाबदारी असावी, आणि हे कुत्रा आणण्याआधीच्या करारात लिहून घ्यावं: परत कोण नेणार, खर्च कोणाचा, आणि त्यानंतर दुसरा कुत्रा मिळणार की नाही.